एक लाखाचं बुकिंग आणि अठरा हजारांचं शेड्यूल

३० जुलै २०२२ रोजी सकाळी अकराला महिंद्राच्या स्कॉर्पिओ-एनचं बुकिंग सुरू झालं. पहिल्या मिनिटात २५ हजार, अर्ध्या तासात एक लाख. एक्स-शोरूम किमतीने धरलं तर अठरा हजार कोटी रुपयांची मागणी, असं कंपनीने जाहीर केलं. ही गाडी चाकणला बनते. त्यामुळे खालुंब्रे, निघोजे, महाळुंगे, कुरुळी या पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांच्या केबिनमध्ये त्या बातमीची चर्चा वेगळीच झाली. बाहेरच्यांना त्यात गाडीचं कौतुक दिसलं. इथल्यांना त्यात एक प्रश्न दिसला: आता मशीन घ्यायचं का?

मी या पट्ट्यात क्वालिटी आणि प्रॉडक्शन प्लॅनिंगच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत. कारखानदारीचे मोठे निर्णय बोर्डरूममध्ये होतात असं लोकांना वाटतं. मी पाहिलेले बहुतेक निर्णय चहाचे कप बाजूला सारून, वहीच्या मागच्या पानावर, पुरेशी माहिती हातात नसताना घेतलेले आहेत. त्यातले काही चांगले होते, आणि ते का चांगले होते ते सांगण्यासाठी हे लिहितो आहे.

आधी त्या एका लाखाचं बघू. आकडा खरा होता. पण तो नेमका कशाचा होता? बुकिंगची रक्कम २१ हजार होती आणि ती परत मिळणार होती. सुरुवातीची किंमत पहिल्या २५ हजार ग्राहकांपुरतीच होती. म्हणजे ज्याला दिवाळीत गाडी हवी होती, ज्याला पुढच्या वर्षी हवी होती आणि ज्याचं अजून ठरतच नव्हतं, अशा तिघांनाही अकराच्या ठोक्यालाच बटण दाबणं फायद्याचं होतं. पुढच्या कित्येक महिन्यांत हळूहळू आली असती ती मागणी त्या अर्ध्या तासात गोळा झाली. कंपनीला याची पूर्ण कल्पना असावी, कारण डिसेंबर अखेरपर्यंत २० हजार गाड्या देऊ, असं तिनेच सांगितलं होतं. पुढे गाडी चाललीही उत्तम. तरीही अर्ध्या तासातल्या आकड्यावरून महिन्याचा वेग काढता येत नाही.

पिंपरी-चिंचवडकरांना हा धडा नवा नाही. १९९८ च्या अखेरीस टेल्कोची इंडिका आली तेव्हा गाडीची पूर्ण किंमत आधी भरून घेतली होती, तरी आठवड्याभरात १.१५ लाख ऑर्डरी आल्या. पूर्ण पैसे भरणारा माणूस आपलं मन पक्कं करून आलेला असतो, म्हणून तो आकडा वजनदार होता. त्यानंतर दहा वर्षांनी त्याच कंपनीची नॅनो आली. पिंपरीच्या इंजिनिअरिंग रिसर्च सेंटरच्या माणसांनी रात्रीचा दिवस करून घडवलेली गाडी. एप्रिल २००९ मध्ये तिला २.०३ लाख बुकिंग मिळाली, पहिल्या एक लाख गाड्या सोडत काढून वाटायची वेळ आली. साणंदचा कारखाना वर्षाला अडीच लाख गाड्यांच्या क्षमतेचा उभा राहिला. नॅनोची विक्री सर्वांत चांगल्या वर्षात, २०११-१२ मध्ये, सुमारे ७५ हजारांपर्यंत गेली. जून २०१८ मध्ये महिन्याभरात एकच नॅनो बनली.

नॅनो का चालली नाही याची कारणं अनेक आहेत: कारखाना सिंगूरहून हलवावा लागल्यामुळे गेलेला वेळ, पेटलेल्या गाड्यांच्या बातम्या, सर्वांत स्वस्त गाडी हा शिक्का. माझा मुद्दा त्याआधीचा आहे. बुकिंगच्या रांगेत सर्वांत उत्सुक माणसं पुढे उभी असतात. त्यांच्यामागे रांग किती लांब आहे, हे पुढच्यांना मोजून कळत नाही. संख्याशास्त्राच्या भाषेत हा नमुना एकांगी आहे. दोन लाख माणसं हा मोठा नमुना खरा, पण एकांगी नमुना मोठा केला म्हणून तो सर्वांच्या वतीने बोलू लागत नाही.

आता त्या मशीनच्या प्रश्नाकडे येतो. कारखाना कोणता आणि त्याचा ग्राहक कोण ते सांगणार नाही, आकडेही गोल करून देतो. हिशेब मात्र तोच आहे.

पती-पत्नी मिळून चालवत असलेलं छोटं युनिट. भाऊ शॉपवर, वहिनी हिशेब, जीएसटी आणि डिस्पॅचवर. एका ब्रॅकेटचं मशीनिंग ते करायचे, महिन्याला दहा हजार नगांची क्षमता. ग्राहक कंपनीच्या परचेसमधून फोन आला: नव्या मॉडेलसाठी महिन्याला अठरा हजारांचं शेड्यूल देतो, तयारी ठेवा, नाहीतर दुसरा व्हेंडर बघावा लागेल. नवं व्हीएमसी मशीन पस्तीस लाखांचं. भाऊंचा निर्णय जवळपास झाला होता. मला बोलावलं ते बँकेच्या प्रोजेक्ट रिपोर्टसाठी.

मी विचारलं, "याआधी त्यांचं शेड्यूल आणि प्रत्यक्ष उचल यांत फरक किती पडायचा?"

"पडतोच थोडाफार, सर. कधी कमी, कधी जास्त."

वहिनी काही न बोलता उठल्या आणि कपाटातून एक बॉक्स फाइल घेऊन आल्या. दर महिन्याच्या अखेरीला येणारं पुढच्या महिन्याचं टेंटेटिव्ह शेड्यूल त्या प्रिंट करून ठेवायच्या. त्याच कागदाच्या कोपऱ्यात, महिना संपला की, निळ्या पेनने प्रत्यक्ष किती नग गेले ते लिहायच्या. का, तर कच्चा माल किती अडकून पडला याचा हिशेब लागावा म्हणून. दोन वर्षांचे चोवीस कागद होते. चाकणमध्ये एवढी चांगली माहिती मी मोठ्या कंपन्यांच्या संगणकातही क्वचित पाहिली आहे. तिथे शेड्यूल बदललं की जुनं पुसून नवं चढवतात, त्यामुळे आधी काय सांगितलं होतं याची खूणच राहत नाही.

आम्ही प्रत्येक महिन्याची उचल भागिले शेड्यूल असं गुणोत्तर काढलं आणि लहानापासून मोठ्यापर्यंत मांडलं. सर्वांत कमी ०.५५, सर्वांत जास्त १.०८, सरासरी ०.८२. म्हणजे अठरा हजार सांगितले तर पावणेपंधरा हजारांच्या आसपास उचल होणार, आणि वाईट महिन्यात ती दहा हजारांच्याही आत येणार.

मग दुसरी बाजू. पस्तीस लाखांच्या कर्जाचा पाच वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे ७५ हजार. दोन पाळ्यांच्या ऑपरेटरांचे ४५ हजार. एक लाख वीस हजार दर महिन्याला जाणारच, मग नग जावोत की न जावोत. एका नगामागे माल, टूल, वीज वजा जाता वीस रुपये सुटायचे. म्हणजे जुन्या दहा हजारांच्या वर आणखी सहा हजार नग गेले तरच मशीन आपला खर्च काढणार. सोळा हजारांची उचल व्हायची तर गुणोत्तर ०.८९ हवं. चोवीस महिन्यांत ते सात वेळा तेवढं झालं होतं.

भोसरीत एका ओळखीच्या वर्कशॉपची मशीनं पूर्ण वेळ चालत नव्हती. तिथे जॉबवर्क दिलं तर नगामागे चारच रुपये सुटणार होते, पण हप्ता नाही. शेड्यूल पूर्ण उचललं गेलं तर मशीनचा फायदा चाळीस हजार, जॉबवर्कचा बत्तीस. सरासरी महिन्यात मशीनचा तोटा पंचवीस हजार, जॉबवर्कचा फायदा एकोणीस. आणि ०.५५ सारख्या महिन्यात मशीनमुळे पूर्ण एक लाख वीस हजार गेले, जॉबवर्कमध्ये शून्य. चांगल्या महिन्यात आठ हजार जादा मिळवण्यासाठी वाईट महिन्यात एक लाख वीस हजार पणाला लावायचे, असा तो सौदा होता. फोनवरच्या अठरा हजारांत यातलं काहीच दिसत नव्हतं.

भाऊंचं म्हणणं सोडून देण्यासारखं नव्हतं. "पाच वर्षांनी मशीन आपलं होतं, सर. जॉबवर्कचं काय राहतं मागे?" शिवाय जुनी गुणोत्तरं जुन्या मॉडेलची, हे नवं मॉडेल जोरात आहे, हेही खरं होतं. म्हणून आम्ही ०.८२ ला सुरुवातीचा अंदाज धरला, शेवटचा शब्द नाही. दर महिन्याला नवं गुणोत्तर त्याच यादीत घालायचं. सलग तीन महिने ते ०.९ च्या वर राहिलं तर बँकेत जायचं. वहिनींनी हा नियम कागदावर लिहून खाली तारीख टाकली. हा कागद मला त्या सगळ्या हिशेबापेक्षा मोलाचा वाटतो, कारण एखादा महिना भरभरून गेला की मन लगेच नियम बदलायला बघतं.

सुरुवातीचे महिने कमीच गेले. गाड्यांना लागणाऱ्या चिपांचा तुटवडा तेव्हा सरला नव्हता, लाइन कधी चालायची, कधी थांबायची. पुढच्या वर्षी अट पूर्ण झाली आणि मशीन आलं. बँकेच्या मॅनेजरपुढे वहिनींनी ती बॉक्स फाइल ठेवली. उचल कमी झाली असती आणि मशीन कधीच आलं नसतं, तरी हा निर्णय चांगलाच ठरला असता. निर्णय कसा घेतला आणि पुढे काय घडलं या दोन गोष्टींची गल्लत या पट्ट्यात सर्रास होते. नशिबाने पार पडलेल्या धाडसाला हुशारी म्हणतात आणि नीट विचार करून थांबलेल्याला भित्रा ठरवतात.

या पट्ट्यातल्या किश्श्यांतला माझा सर्वांत आवडता माणूस मात्र फायनल इन्स्पेक्शनवरचे मामा. खेड तालुक्यातले शेतकरी, शिक्षण बेताचं, पण गेज हातात आलं की कोणाचं ऐकायचे नाहीत. रात्रपाळीला गाडी गेटवर उभी असते, डिस्पॅचवाला घाई करत असतो: "मामा, पाच नग बघा आन् सोडा." बाकीचे इन्स्पेक्टर बिनमधले वरचे पाच उचलून गो-नो-गो गेज लावायचे आणि टॅगवर सही करायचे. मामा बिन अर्धी रिकामी करायला लावायचे. दोन तळातून, दोन मधून, एक कडेचा. शिवाय फिक्स्चर दोन असतील तर दोन्हींचे खुणेचे नग वेगवेगळे मागायचे.

एकदा मी विचारलं. म्हणाले, "वरचे पाच कोण बी बघंल, सर. शेवटी निघालेला माल वर आसतो. इन्सर्ट बदलल्यावरचा तो. बदलायच्या आधीचा खाली गेलेला आसतो. पीक कापणीला तलाठी आला तर बांधाकडचं चांगलं रान दाखवून चालतं का? चिठ्ठीत जो तुकडा निघंल तोच कापायचा."

मी थक्क झालो, कारण या बोलण्यामागे एक फार मोठा मराठी माणूस उभा आहे. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत असताना त्यांनी पिकाचा अंदाज नजरेच्या आणेवारीवरून न काढता, यादृच्छिक निवडलेल्या शेतांतला ठरावीक मापाचा तुकडा प्रत्यक्ष कापून काढायची पद्धत देशभर रुजवली. मामांनी ती पद्धत लहानपणी बांधावर उभं राहून पाहिली होती आणि चाकणच्या इन्स्पेक्शन टेबलावर आणली होती.

तरीही पाच नगांनी किती कळतं, तेही सांगायला हवं. लॉटमध्ये दहा टक्के माल खराब असेल, आणि तुम्ही अगदी मामांसारखे निवडून पाच नग बघितले, तरी पाचही चांगले निघण्याची शक्यता ५९ टक्के आहे. म्हणजे दर दहातला एक नग वाया गेलेला असा लॉट अर्ध्याहून जास्त वेळा 'ओके' म्हणून गेटबाहेर पडणार. एक ढोबळ नियम लक्षात ठेवण्यासारखा आहे: जितके नग तपासले आणि एकही खराब निघाला नाही, त्या संख्येने तीनला भागा. ३०० तपासले आणि सगळे चांगले, तर खराब प्रमाण एक टक्क्याच्या आत आहे असं ९५ टक्के खात्रीने म्हणता येतं. त्याहून जास्त काही म्हणता येत नाही. भारतीय मानक आय.एस. २५०० च्या तक्त्यांत बाराशे ते बत्तीसशे नगांच्या लॉटमधून १२५ नग घ्यायला सांगतात. एक टक्का पातळी ठरलेली असेल तर तीनपर्यंत खराब निघाले तर लॉट घ्यायचा, चार निघाले तर परत. ऐकायला कडक वाटतं. पण प्रत्यक्षात दोन टक्के खराब असलेला लॉट या चाळणीतून चारपैकी तीन वेळा पार होतो. मी हे कागदावर मांडून दाखवतो तेव्हा अनुभवी क्वालिटी मॅनेजरही दोनदा गणित तपासतात. तपासणीवर भिस्त ठेवण्यापेक्षा मशीनवरच माल नीट काढा, असं म्हणतात ते या आकड्यामुळे.

मशीनवरच नीट काढायचं म्हणजे काय, याचा किस्सा एका तरुण सेटरचा आहे. पोरगा अतिशय मेहनती. सीएनसीवर शाफ्टचा व्यास धरायचा होता, टॉलरन्स दोन्ही बाजूंना वीस मायक्रॉन. प्रत्येक नग निघाला की हा मायक्रोमीटर लावायचा. चार मायक्रॉन जास्त आला, लगेच ऑफसेट चारने कमी. पुढचा तीन कमी आला, ऑफसेट तीनने जास्त. पाळीभर त्याचा हात पॅनेलवरून हटत नव्हता. आणि त्याच्या पाळीचं रिजेक्शन सर्वांत जास्त. सुपरवायझर त्याला बेफिकीर म्हणायचा, आणि ते ऐकून तो आणखी दर नगाला ऑफसेट हलवायचा.

मशीन तेच, टूल तेच ठेवून आम्ही त्याला एक पाळी ऑफसेटला हात लावू दिला नाही. त्याने फक्त मोजायचं आणि आलेखावर ठिपका द्यायचा. ठिपक्यांचा पसारा कमी झाला. कारण सोपं आहे. टूलची झीज नसताना नगानगांत जो दोन-चार मायक्रॉनांचा फरक पडतो तो मशीनच्या स्वभावातला योगायोग. मागच्या नगाचा योगायोग पुढच्या नगात ऑफसेटने मिसळला की दोन योगायोग एकत्र होतात आणि पसारा सुमारे १.४ पट होतो. मेहनतच नुकसान करत होती. ठिपका नियंत्रण रेषेबाहेर गेला किंवा सलग ठिपके एकाच दिशेने सरकू लागले तरच हात लावायचा, एवढं त्याला सांगितलं. त्याने ते इतकं मनावर घेतलं की पुढे नव्या पोरांना तोच शिकवू लागला.

या आलेखाची कल्पना वॉल्टर श्यूहार्ट यांनी १६ मे १९२४ रोजी अमेरिकेत टेलिफोनची यंत्रं बनवणाऱ्या कारखान्यासाठी एका टिपणात मांडली. ती भारतात यायला फार वेळ लागला नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कोलकात्यात स्थापन केलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेच्या निमंत्रणावरून श्यूहार्ट स्वतः १९४७-४८ मध्ये इथे आले होते. १९५४-५५ मध्ये जपानचे गेनिची तागुची याच संस्थेत राहून काम करून गेले, आणि पुढे त्यांच्या नावाच्या पद्धती जपानी कारखान्यांनी डोक्यावर घेतल्या. पुणे विद्यापीठात १९५३ मध्ये व. शं. हुजूरबाजार यांनी संख्याशास्त्राचा विभाग उभा केला. चाकणची ओळख तेव्हा कांद्याच्या बाजाराची होती. आपण हे शास्त्र जपानी आणि जर्मन कंपन्यांकडून शिकलो असं इथल्या अनेकांना वाटतं. ते आपल्या दारात आधीपासून होतं.

अब्राहम वाल्ड यांचं नाव तर इथल्या प्रत्येक इन्स्पेक्शन विभागात लावायला हवं. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी तपासणीची एक काटकसरी रीत शोधली. किती नग बघायचे ते आधी ठरवायचं नाही. एकेक बघत जायचं आणि प्रत्येक नगानंतर विचारायचं: स्वीकारावा, नाकारावा की आणखी एक बघावा? लॉट अगदी चांगला किंवा अगदी वाईट असेल तर उत्तर लवकर मिळतं. भाऊ-वहिनींचा 'सलग तीन महिने' हा नियम याच घराण्यातला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून व्याख्यानं द्यायला आलेले वाल्ड १३ डिसेंबर १९५० रोजी नीलगिरीच्या डोंगरात विमान कोसळून पत्नीसह गेले. वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

ऑडिटच्या खोलीतली एक गोष्ट थोडक्यात. व्हेंडरने तीस नग मोजून सीपीके हा क्षमतेचा निर्देशांक १.३३ दाखवला की ऑडिटर खूश, १.२८ आला की एन.सी. म्हणजे ताशेरा लिहितो. तीस नगांवरून काढलेल्या १.३३ मागे खरी क्षमता साधारण ०.९७ ते १.६९ यांत कुठेही असू शकते. अशा दोन आकड्यांत पाच शतांशांवरून एकाला शाबासकी आणि दुसऱ्याला ताशेरा देणं मला अन्याय्य वाटतं, आणि मी ते प्रत्येक वेळी सांगत आलो आहे.

चाकणचा कोणताही किस्सा रस्त्याशिवाय पूर्ण होत नाही. तळेगाव-चाकण रस्ता आणि नाशिक महामार्ग जिथे मिळतात त्या चौकात अडकलेली गाडी आणि तिकडे थांबायच्या बेतात आलेली लाइन, हा ताण ज्याने सोसला त्यालाच कळतो. एका डिस्पॅच सुपरवायझरने गेटपासच्या वेळा वहीत उतरवायला सुरुवात केली होती. पोचायला सरासरी पन्नास मिनिटं. मालक म्हणायचे, तासभर आधी गाडी काढली की झालं. वहीत बघितलं तर वीसपैकी चार-पाच गाड्यांना तासाहून जास्त लागला होता. प्रश्न सरासरीचा नव्हताच. गाडी लवकर पोचून उभी राहिली तर ड्रायव्हरचा वेळ आणि थोडं भाडं जातं. उशिरा पोचली तर लाइन थांबवल्याची डेबिट नोट येते. दोन्हींचा खर्च मांडला तर उशीर एकोणीस पट महाग पडत होता. मग हिशेब सरळ आहे: एकोणीस भागिले वीस. वीसपैकी एकोणीस वेळा वेळेत पोचेल एवढं आधी निघायचं. वहीप्रमाणे ते पंच्याऐंशी मिनिटं आलं. तो सुपरवायझर बारावी पास होता आणि हा निर्णय त्याचा होता. गुरुवारी, एम.आय.डी.सी.च्या सुट्टीला, रस्ता मोकळा असतो म्हणून त्याने त्या दिवसाचे आकडे आपणहून वेगळे ठेवले होते.

आणि काही वेळा वही कामाला येत नाही, हेही सांगितलं पाहिजे. २००५ आणि २०१० मध्ये प्रदूषणाची मानकं बदलली तेव्हा आधी बनलेल्या गाड्या विकायला मुभा मिळाली होती. त्या अनुभवावर विसंबून २०१७ मध्ये अनेक कंपन्यांनी बीएस-थ्री या जुन्या मानकाच्या गाड्या बनवत ठेवल्या. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून त्यांची विक्रीच बंद केली. वाहन उद्योगाने न्यायालयाला दिलेल्या आकड्यांनुसार शिल्लक गाड्या ८.२४ लाख होत्या, त्यांतल्या ६.७१ लाख दुचाकी. दोन दिवस देशभर दुचाकींवर बावीस हजारांपर्यंत सूट देऊन माल संपवायची धडपड झाली. बजाज ऑटोने उत्पादन आधीच बीएस-फोरवर नेलं होतं आणि न्यायालयात विक्रीबंदीची बाजू घेतली होती. मागच्या दोन वेळा काय घडलं ही फक्त दोन घटनांची नोंद होती, आणि निर्णय देणारे तिसऱ्या वेळी वेगळे होते. चूक झाली तर किती बुडेल हे बजाजच्या बाजूने बघितलं असतं तर शक्यता मोजायची गरजही पडली नसती.

पुढच्या वेळी सगळे सावध होते. बीएस-फोरचा माल ३१ मार्च २०२० च्या आत संपवायचा म्हणून चाकणमध्ये महिनोन् महिने आधी काटेकोर नियोजन झालं. २५ मार्चला लॉकडाऊन लागला. त्या एप्रिलमध्ये मारुतीसारख्या कंपनीनेही देशांतर्गत विक्री शून्य कळवली. कोणाच्याही यादीत शून्य हे गुणोत्तर नव्हतं. त्या दिवसांत जे व्हेंडर टिकले त्यांच्याकडे अंदाज चांगला होता म्हणून टिकले नाहीत. ज्यांच्या डोक्यावर हप्ते कमी होते आणि दोन-तीन महिन्यांचे पगार हाताशी होते, ते टिकले. वहीत नसलेल्या गोष्टींसाठी तेवढी गंगाजळी ठेवणं हेही आकड्यांनीच शिकवलेलं शहाणपण आहे.

मोठ्या कंपन्यांच्या परचेस आणि प्लॅनिंगमधल्या मित्रांना माझी कळकळीची विनंती आहे. शेड्यूल पाठवताना एक आकडा पाठवू नका. किमान, कमाल आणि मागच्या वर्षी तुमचं शेड्यूल किती टक्के उचललं गेलं, एवढ्या तीन गोष्टी सोबत लिहा. त्या तुमच्याकडे आहेत, आणि त्यांच्याअभावी समोरचा माणूस आपलं घर गहाण ठेवून मशीन घेतो आहे. आणि व्हेंडर मंडळींनो, ते पाठवेपर्यंत थांबू नका. येत्या महिन्याचं शेड्यूल आलं की प्रिंट काढा, तारीख टाका, महिनाअखेरीला कोपऱ्यात प्रत्यक्ष उचल लिहा आणि कागद फाइलला लावा. वर्षभरात बारा कागद होतील, आणि बँकेत जाण्याआधी तेवढे पुरेसे आहेत.